बीटा किती आला? आणि रक्त केव्हा काढलं होतं?

सकाळी साडेसातला मी लॅबचं शटर वर करते तेव्हा पायरीवर कुणीतरी आधीच बसलेलं असतं. बहुतेक शुगरवाले असतात, उपाशीपोटी आलेले, कधी एकदा रक्त देऊन चहा प्यायला जातो असं झालेले. पण बीटा करायला आलेली बाई त्यांच्यात लगेच ओळखू येते. या तपासणीला उपाशी यावं लागत नाही, तरी ती उपाशीच असते. घशाखाली काही उतरलेलंच नसतं. नवरा बाहेर गाडीजवळ उभा असतो, सोबत आई किंवा जाऊ असते, आणि हातात टेस्ट-ट्यूब बेबी सेंटरची फाइल, कोपरे मऊ पडलेली.

मी सोलापुरात १९ वर्षं लॅब टेक्निशियन म्हणून काम करते. संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर गेला की दहा मिनिटांत फोन येतो. "ताई, ८६ आलाय. चांगलाय का ओ?" रिपोर्टचा अर्थ सांगायचा अधिकार डॉक्टरांचा आहे, तो मी कधी हातात घेत नाही. पण ही तपासणी नेमकं काय मोजते, कशी मोजते आणि कुठे फसते, एवढं जरी आधी कळलं असेल तर ती संध्याकाळ थोडी सोसवते, हे मी अनेकदा पाहिलंय. म्हणून हे लिहितेय. पुढे ज्या बायकांबद्दल सांगेन त्यांचे तपशील मी बदललेत.

आधी नाव. आपण सगळे "बीटा" म्हणतो, पण पूर्ण नाव बीटा एचसीजी. एचसीजी हे गर्भाच्या बाजूने येणारं हार्मोन. त्याचा रेणू दोन तुकड्यांचा असतो, अल्फा आणि बीटा. अल्फा तुकडा थायरॉइडच्या टीएसएचमध्येही तसाच असतो, पाळीचं चक्र चालवणाऱ्या एलएच आणि एफएसएच या हार्मोनमध्येही तसाच असतो. म्हणजे तो पाहून कुणाचं हार्मोन आहे ते कळत नाही. बीटा तुकडा मात्र एचसीजीचा स्वतःचा. १९७२ मध्ये अमेरिकेत या तुकड्यावर नेम धरणारी रक्ततपासणी तयार झाली आणि तेव्हापासून अगदी थोडं एचसीजीसुद्धा एलएचमध्ये न मिसळता मोजता यायला लागलं. त्याआधी, १९२७ च्या सुमाराला, बर्लिनमधल्या दोन डॉक्टरांनी बाईची लघवी उंदरांच्या माद्यांना टोचून त्यांची बीजांडं (म्हणजे अंडाशयं) तपासायची पद्धत काढली होती. आज तेच काम हातातल्या नळीभर रक्तावर होतं.

हे हार्मोन येतं कुठून, ते कळलं की पुढचं निम्मं कोडं सुटतं. आपल्याकडे रब्बीची ज्वारी पेरतात. दाणा जमिनीत पडला, ओल मिळाली की तो आधी खाली मूळ सोडतो. वर कोंब दिसायच्या आधी खाली मुळाचं काम सुरू झालेलं असतं. पाच दिवसांच्या गर्भाचं तसंच असतं. ज्याला सेंटरमध्ये ब्लास्टोसिस्ट म्हणतात, तो शंभर-दोनशे पेशींचा गोळा. त्यात आतल्या बाजूला पेशींचा एक पुंजका असतो, त्याचं पुढे बाळ होतं. बाहेर पेशींचा एक थर असतो, त्याची पुढे वार होते. ट्रान्सफरनंतर, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेला गर्भ बाईच्या गर्भाशयात सोडल्यावर, एक-दोन दिवसांत हा गोळा आपल्या कवचातून बाहेर पडतो, गर्भाशयाच्या, म्हणजे आपण नुसतं पिशवी म्हणतो तिच्या, अस्तराला चिकटतो आणि बाहेरचा थर अस्तरात रुजायला लागतो. एचसीजी तयार करतो तो हाच बाहेरचा थर.

म्हणजे आपण बीटा मोजतो तेव्हा मूळ मोजत असतो. कोंब नाही. मूळ जोमात असलं तर कोंबही जोमात असण्याची शक्यता मोठी, पण खात्री नाही. काही वेळा बाहेरचा थर वाढत राहतो, सोनोग्राफीत गर्भाची पिशवीही दिसते, पण आत बाळ आकारच घेत नाही. तिथे सुरुवातीचे बीटाचे आकडे अगदी छान असू शकतात. "एवढा चांगला बीटा होता, मग असं कसं झालं?" हा प्रश्न मला किती जणींनी विचारला असेल. आकडा खोटा नव्हता. तो ज्या गोष्टीबद्दल होता ती गोष्ट वेगळी होती, एवढंच.

एचसीजीचं काम काय? निरोप पोहोचवणं. दर महिन्याला बीज बाहेर पडल्यावर बीजांडात त्या जागी एक पिवळसर गाठ तयार होते, ती प्रोजेस्टेरॉन बनवते आणि पिशवीचं अस्तर टिकवून धरते. निरोप आला नाही तर ही गाठ दोन आठवड्यांत सुकते, अस्तर सुटतं, पाळी येते. गर्भ रुजला तर त्याचं एचसीजी रक्तातून त्या गाठीपर्यंत जातं आणि गाठ काम चालू ठेवते. पाळी चुकते ती या निरोपामुळे.

नळीत काय होतं

रक्त काढल्यावर नळी थोडा वेळ ठेवतो, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतो, वरचं पिवळसर सीरम मशिनला देतो. मशिनमध्ये दोन प्रकारच्या अँटिबॉडीज असतात. एक एचसीजीचा रेणू एका बाजूने धरते, दुसरी दुसऱ्या बाजूने. दुसरीवर प्रकाश देणारा घटक लावलेला असतो. दोघींनी मिळून रेणू धरला तरच उजेड मोजला जातो. जितका उजेड, तितकं एचसीजी. ५ च्या खाली आकडा आला तर गर्भ राहिलेला नाही असं धरतात. २५ च्या वर आला तर राहिलाय असं धरतात. मधला पट्टा संशयाचा, तिथे दोन दिवसांनी पुन्हा रक्त.

घरची पट्टी हेच काम लघवीवर करते, पण तिला साधारण २० ते २५ च्या आसपास लागतं, आणि ती फक्त हो-नाही सांगते. फिकट रेघ म्हणजे कमी आणि गडद म्हणजे जास्त असा हिशोब बायका करतात, रोज सकाळी पट्टी करून फोटो शेजारी शेजारी ठेवतात. रात्री पाणी किती प्यायलात यावरसुद्धा त्या रेघेचा रंग बदलतो. त्यावर जीव टांगून ठेवू नका.

पहिला आकडा

बहुतेक सेंटर ट्रान्सफरनंतर ९ ते १४ दिवसांच्या दरम्यान बीटा सांगतात. कुणी दहावा दिवस सांगतं, कुणी बारावा, कुणी चौदावा. इथेच पहिली गफलत होते. दोघी मैत्रिणी, एकाच हॉटगी रोडवर राहणाऱ्या, एकीचा बीटा ७०, दुसरीचा ४१०. पहिली रडतेय. विचारल्यावर कळतं की तिचा नववा दिवस होता आणि दुसरीचा तेरावा. या दिवसांत आकडा दोन-तीन दिवसांत दुप्पट होत असतो, तर चार दिवसांचा फरक म्हणजे किती झाला बघा. ७० चे दोन दिवसांत १४०, आणखी दोन दिवसांत २८०. दोघी जवळजवळ एकाच वाटेवर होत्या.

शिवाय तीन दिवसांचा गर्भ ठेवलाय की पाच दिवसांचा, यानेही फरक पडतो. तीन दिवसांच्या गर्भाला रुजायच्या आधी अजून दोन दिवस वाढायचं असतं, म्हणून ट्रान्सफरपासून मोजलेल्या त्याच दिवशी त्याचा आकडा कमी दिसतो. आणि सगळे गर्भ घड्याळ लावून रुजत नाहीत. कुणी लवकर, कुणी दोन दिवस उशिरा.

मग पहिल्या आकड्यावरून काहीच कळत नाही का? कळतं. जगभर या विषयावर भरपूर अभ्यास झालेत आणि त्यांचा कल एकाच दिशेला आहे: ठरलेल्या दिवशी पहिला बीटा जितका वर, तितकं गर्भ पुढे टिकण्याचं प्रमाण जास्त. म्हणून अनेक डॉक्टर पहिलाच आकडा शंभरच्या पुढे गेला की जरा निश्चिंत होतात. पण हे प्रमाण शेकडो बायकांचं मिळून काढलेलं असतं. चांगल्या आणि वाईट गटांचे आकडे एकमेकांत बरेच मिसळलेले असतात. साठवर सुरू होऊन नऊ महिने नीट गेलेल्या बायका मी स्वतः बघितल्यात, नंतर पेढे घेऊन आलेल्या. तीनशेवर सुरू होऊन सातव्या आठवड्यात थांबलेल्याही बघितल्यात. प्रत्येक सेंटरची शंभराची किंवा पन्नासाची रेघ त्यांच्या दिवसाच्या मोजणीशी आणि त्यांच्या लॅबच्या मशिनशी बांधलेली असते. पुण्याच्या सेंटरची रेघ सोलापूरच्या रिपोर्टवर ठेवली की ती सरकते.

दुसरा आकडा जास्त बोलतो

एका आकड्याची जागा कळते, दोन आकड्यांची चाल कळते. मला विचाराल तर सगळ्या तपासणीचा अर्क या दुसऱ्या रक्तात आहे.

पूर्वी सर्रास सांगायचे, ४८ तासांत दुप्पट झालं पाहिजे. घराघरांत हाच नियम बसलाय. दुप्पट नाही म्हणजे संपलं. पण तसं नाही. १९८१ मधल्या एका अभ्यासाने दोन दिवसांत किमान ६६ टक्के वाढ धरली होती. २००४ मध्ये मोठा अभ्यास झाला, त्यात ही खालची मर्यादा ५३ टक्के निघाली. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आणखी बारकाईने सांगितलं: पहिला आकडा १५०० च्या खाली असेल तर ४८ तासांत किमान ४९ टक्के, १५०० ते ३००० असेल तर ४० टक्के, ३००० च्या वर असेल तर ३३ टक्के. नीट वाढणाऱ्या गर्भांपैकी जवळजवळ सगळे निदान एवढे तरी वाढतात, असा त्याचा अर्थ. म्हणजे १२० चे दोन दिवसांत १८५ झाले तर ते दुप्पट नाहीत, पण वाढ ५४ टक्के आहे, आशेच्या बाजूला आहे. १४० चे १७० झाले तर वाढ २१ टक्के, आणि तिथे डॉक्टर लक्ष ठेवून राहणार.

हेही बघा की आकडा जसा वर जातो तशी चाल मंदावते. सुरुवातीला दोन-तीन दिवसांत दुप्पट, हजार-बाराशेच्या पुढे तीन-चार दिवस लागतात, सहा हजाराच्या पुढे चाराहून जास्त. आठव्या ते अकराव्या आठवड्यात एचसीजी शिखरावर असतं, लाखाच्या घरात जाऊ शकतं, आणि मग आपोआप उतरतं. वार तोवर प्रोजेस्टेरॉनचं काम स्वतः सांभाळायला लागलेली असते, निरोपाची तेवढी गरज उरत नाही. सहाव्या-सातव्या आठवड्यात हौसेनं बीटा करून "ताई, दुप्पट झाला नाही" म्हणून घाबरणाऱ्यांना मी एवढंच सांगते की आता रक्त नको, सोनोग्राफीला जा.

आता शीर्षकातला दुसरा प्रश्न. रक्त केव्हा काढलं होतं?

मोहोळहून एक जण यायची. वय तिशीच्या आत-बाहेर, नवऱ्याचं टॉवेलच्या कारखान्यात काम. सोमवारी सकाळी ८ ला रक्त दिलं, आकडा ९६. बुधवारी सकाळी यायचं होतं. पण बुधवारी घरात कार्य निघालं म्हणून मंगळवारी संध्याकाळी ६ ला दुसऱ्या ठिकाणी रक्त देऊन मोकळी झाली. आकडा १४५. घरातल्या शिकलेल्या दिराने मोबाइलवर हिशोब केला, "दीडपटच झालाय वहिनी." रात्री साडेनऊला तिचा मला फोन आला, आवाज बसलेला.

सोमवार सकाळी ८ ते मंगळवार संध्याकाळी ६ म्हणजे ३४ तास. ४८ नाहीत. त्याच वेगाने वाढत राहिला असता तर ४८ तासांनी आकडा साधारण १७० वर गेला असता. म्हणजे पाऊणपटीहून जास्त वाढ. चाल चांगलीच होती. रिपोर्टवर तारीख मोठी छापलेली असते, वेळ बारीक अक्षरात कुठेतरी कोपऱ्यात. तिच्यानंतर मी बीटाच्या प्रत्येक रिपोर्टवर रक्त काढल्याची वेळ पेनाने वर ठळक लिहून देते.

आणि दुसरी लॅब. तिच्या बाबतीत निभावलं, पण नेहमी निभावतं असं नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशिनमध्ये वेगवेगळ्या अँटिबॉडीज असतात, त्यामुळे एकाच नळीतलं रक्त दोन मशिनवर थोडे वेगळे आकडे देतं. दोन्ही बरोबर असतात, आपापल्या मापाने. पण चाल काढायची तर दोन्ही आकडे एकाच मापाने मोजलेले हवेत. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन ट्रान्सफर करून येणाऱ्या बायकांचा हा हमखास घोळ होतो: पहिला बीटा तिकडे, दुसरा इकडे. दोन्ही रक्तं एकाच ठिकाणी द्या. कुठेही द्या, पण एकाच ठिकाणी.

फसवणाऱ्या गोष्टी

बीज काढण्याच्या साधारण ३६ तास आधी एक इंजेक्शन देतात, ज्याला सगळ्या जणी "ट्रिगर" म्हणतात. आययूआयमध्ये, म्हणजे नवऱ्याचे शुक्रजंतू नळीने पिशवीत सोडतात त्या उपचारातही देतात. ते बहुतेक वेळा एचसीजीचंच असतं, पाच हजार किंवा दहा हजार युनिटचं. ते रक्तातून निघून जायला दहा ते चौदा दिवस लागू शकतात. त्यामुळे आययूआयनंतर सातव्या-आठव्या दिवशी घरी पट्टी केली आणि दोन रेघा आल्या, तर ती रेघ इंजेक्शनची असू शकते. आधी दोन रेघा, मग एक. बाईच्या मनात "राहिलं होतं आणि गेलं" असं कायमचं बसतं, जे बहुधा घडलेलंच नसतं. डॉक्टरांनी दिलेल्या दिवसाच्या आधी तपासणी करू नका, असं सांगतात ते यासाठी. काही ठिकाणी ट्रान्सफरनंतरही आधारासाठी एचसीजीचं छोटं इंजेक्शन देतात. तुम्हाला दिलंय का, हे फाइलमध्ये बघून ठेवा.

दुसरी गोष्ट केसांच्या गोळ्या. केस गळतात, नखं तुटतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्या खूप जणी आहेत, पाच-दहा मिलिग्रॅमच्या. काही मशिनची रसायनं बायोटिनच्याच जोडणीवर चालतात. रक्तात बायोटिन जास्त असेल तर ती जोडणी बिघडते आणि बीटा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल सावध केलं होतं. आपल्याकडे रक्त देताना हे कुणी सांगत नाही, कारण गोळी औषधात धरलेलीच नसते. मी आता प्रत्येकीला विचारते. तुम्हाला कुणी विचारलं नाही तर स्वतःहून सांगा.

उलट बाजूने, क्वचित एखादीच्या रक्तात अशा अँटिबॉडीज असतात की त्या मशिनमधल्या दोन्ही अँटिबॉडीजना आपसात जोडून देतात, आणि एचसीजी नसताना उजेड पडतो. आकडा दिवसेंदिवस तिथेच राहतो, वाढतही नाही, उतरतही नाही. अशा वेळी लघवीची तपासणी केली की ती निगेटिव्ह येते आणि उलगडा होतो.

आकड्यावरून जुळे ओळखता येतं का? जुळ्यांत बीटा सरासरीने जास्त असतो खरा, पण एकाच गर्भाचे मोठे आकडे आणि जुळ्यांचे साधे आकडे एकमेकांत इतके मिसळतात की रक्तावरून सांगता येत नाही. आणि "आकडा एवढा आहे म्हणजे मुलगा का?" असं विचारणाऱ्या सासवांना मी तिथेच थांबवते. बीटावरून ते कळत नाही, आणि विचारणंही बरोबर नाही. गर्भलिंग निदानावर महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला, देशाचा १९९४ मध्ये आला. इतकी वर्षं वाट बघून, कर्ज काढून दिवस गेलेल्या सुनेसमोर हा प्रश्न येतो तेव्हा तिचा चेहरा मला बघवत नाही.

प्रोजेस्टेरॉनचा आकडा

बऱ्याचदा बीटाबरोबर प्रोजेस्टेरॉनही लिहून देतात. आपसूक दिवस गेलेले असतील तर त्याचा उपयोग सरळ आहे: ५ नॅनोग्रॅमच्या खाली आकडा असेल तर गर्भ टिकण्याची शक्यता फार कमी, २० च्या वर असेल तर दिलासा, मधल्यांचं काही ठाम नाही. पण उपचारानंतर हा आकडा वाचायला अवघड होतो, कारण प्रोजेस्टेरॉन बाहेरून चालू असतं. योनीमार्गात ठेवायच्या गोळ्या घेत असाल तर औषध थेट पिशवीत जास्त पोहोचतं, रक्तात कमी दिसतं. तेलातलं इंजेक्शन घेत असाल तर रक्तात भरपूर दिसतं. आणि डायड्रोजेस्टेरॉनच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या या तपासणीत दिसतच नाहीत, त्यांचा रेणू वेगळा आहे. म्हणून रिपोर्टवर ७ बघून "गोळ्या लागूच होत नाहीत" असा निष्कर्ष काढू नका. कोणतं औषध कोणत्या वाटेने चालू आहे ते माहीत असलेल्या डॉक्टरांनीच तो आकडा वाचायचा.

यात एक गोष्ट जिवाची आहे. गोठवलेला गर्भ ठेवताना अनेकदा अस्तर पूर्णपणे गोळ्यांवर तयार केलेलं असतं. त्या महिन्यात बीज फुटलेलंच नसतं, म्हणून ती पिवळसर गाठही नसते. एचसीजीने कितीही निरोप धाडले तरी घ्यायला कुणी नसतं. सगळं प्रोजेस्टेरॉन बाहेरचं, वार स्वतः काम हातात घेईपर्यंत, साधारण आठव्या ते दहाव्या आठवड्यापर्यंत. थोडं अंगावरून गेलं, डाग दिसले, किंवा घरी केलेली पट्टी निगेटिव्ह आली म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या बंद केल्या, तर जिवंत गर्भाचा आधार आपल्याच हाताने काढून घेतल्यासारखं होतं. डॉक्टरांनी सांगेपर्यंत एकही गोळी थांबवू नका.

जाता जाता एएमएच नावाच्या आणखी एका रक्ततपासणीबद्दल. तो आकडा बीजांडात बीजांचा साठा किती, एवढंच सांगतो. गर्भ राहील का, टिकेल का, हे त्यावरून ठरत नाही. बीज कसं आहे ते जास्त करून बाईच्या वयावर असतं.

चाल मंद असेल तर

दोन शक्यता असतात आणि दोन्ही लगेच सांगता येत नाहीत, म्हणून डॉक्टर तिसरं, चौथं रक्त मागवतात. हे पैसे काढण्यासाठी चाललंय असं घरच्यांना वाटतं, पण इथे खरंच गरज असते.

एक म्हणजे गर्भ वाढायचा थांबलाय. बीटा थोडा वर गेला, मग उतरायला लागला, आणि सोनोग्राफीत काही दिसण्याआधीच संपलं. याला बायोकेमिकल प्रेग्नन्सी म्हणतात. आपसूक राहिलेल्या गर्भांतही हे खूपदा होतं, फक्त पाळी दोन-चार दिवस उशिरा आली असं वाटून कळत नाही. उपचारात प्रत्येक दिवस मोजलेला असल्यामुळे कळतं.

दुसरी शक्यता धोक्याची: गर्भ पिशवीत न राहता बाईच्या गर्भनलिकेत, म्हणजे नळीत राहिलाय. "ताई, गर्भ तर पिशवीत सोडला होता ना?" हो, पण रुजायच्या आधी तो थोडा इकडेतिकडे सरकतो आणि नळीत जाऊ शकतो. आधी नळ्यांना इजा झालेली असेल तर शक्यता वाढते. अशा वेळी बीटा वाढतो, पण रेंगाळत. आणि कधी नीट वाढतानाही दिसतो, म्हणून निव्वळ आकड्यावर विसंबून राहायचं नाही. एका बाजूला पोटात सतत दुखणं, खांद्याच्या टोकाशी दुखणं, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, घाम फुटणं, यातलं काहीही झालं तर रिपोर्टची वाट न बघता जवळच्या मोठ्या दवाखान्यात जायचं. रात्र असली तर सिव्हिलला जा. बीटा कमी आहे म्हणून नळी फुटणार नाही असं नसतं. दोन गर्भ ठेवले असतील तर क्वचित एक पिशवीत आणि एक नळीत असंही होतं, आणि तिथे तर बीटा अगदी झकास असतो.

पहिली सोनोग्राफी कधी, तर पाच दिवसांचा गर्भ ठेवल्यापासून साधारण साडेतीन ते चार आठवड्यांनी. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजायची रीत असल्याने ट्रान्सफरच्या दिवशीच तुम्ही २ आठवडे ५ दिवसांच्या गरोदर धरल्या जाता. त्या हिशोबाने पाचव्या आठवड्याच्या आसपास गर्भपिशवी दिसते, सहा ते साडेसहा आठवड्यांत ठोके दिसतात. बीटा साधारण ३५०० च्या पुढे गेला आणि तरी पिशवीत काही दिसत नसेल तर डॉक्टर नळीच्या शक्यतेकडे वळतात. एकदा ठोके दिसले की बीटाचं काम संपलं. त्यानंतर गर्भ टिकण्याबद्दल सोनोग्राफी जे सांगते त्याच्यापुढे रक्ताचा कोणताही आकडा टिकत नाही.

आकडा खाली आला की घरात जे बोललं जातं त्याबद्दल मला राहवत नाही. जिना चढली म्हणून, एसटीने प्रवास केला म्हणून, पपई खाल्ली म्हणून, कामावर गेली म्हणून. अशोक चौकातल्या विड्या वळणाऱ्या एका बाईला तर पंधरा दिवस पलंगावरून उठू दिलं नव्हतं, तरी आकडा २ आला, आणि मग बोल लागला की नीट झोपली नाही. ट्रान्सफरनंतर पडून राहिल्याने गर्भ राहण्याचं प्रमाण वाढत नाही, हे अभ्यासांत तपासून झालंय. सुरुवातीला थांबणाऱ्या गर्भांपैकी निम्मे किंवा त्याहून जास्त गुणसूत्रांच्या गडबडीमुळे थांबतात, आणि ती गडबड बहुतेक वेळा बीजातच असते, ट्रान्सफरच्याही आधीची. जिन्याचा, एसटीचा त्यात काही हात नाही.

मोहोळच्या तिचं पुढे काय झालं ते सांगते. बीटा तीन वेळा छान वाढला, गर्भपिशवी दिसली, पण सातव्या आठवड्यात ठोके आले नाहीत. गर्भ बाहेर पडल्यावर तिला दर आठवड्याला बीटा करायला सांगितलं होतं, ५ च्या खाली येईपर्यंत. हे उतरते बीटा कुणाला करावेसे वाटत नाहीत, पण ते करायचे असतात. आत काही उरलं नाही याची खात्री त्यातूनच होते, आणि पुढचा उपचार त्याशिवाय सुरू करत नाहीत. ती चारही वेळा एकटीच आली, मोहोळहून एसटीने. शेवटच्या वेळी आकडा ३ आला. मी वेळ लिहिली आणि कागद तिच्या हातात दिला. तिने तो घडी करून फाइलमध्ये ठेवला आणि म्हणाली, पुण्यात अजून दोन ठेवलेत ताई, गोठवून. गड्ड्याची जत्रा झाली की जाणार आहे.